हिवाळ्यातला मोठा ब्लॉक: हेरिटेज रेल्वेवरच्या सिग्नल-टेलिफोन कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

नाताळच्या गाड्या संपल्या, लाईन आता मार्चच्या शेवटापर्यंत बंद. म्हणजे पॅसेंजरसाठी बंद, आमच्या एस अँड टी (सिग्नल आणि टेलिफोन) गँगचा खरा सीझन हाच, कारण गाड्या चालू असताना सिग्नलच्या वायरींना हात लावता येत नाही आणि आता जवळजवळ तीन महिन्यांचा मेगाब्लॉक मिळालाय.

यंदा नोंदी मराठीत ठेवतोय. वडील मध्य रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते, त्यांचे जुने सहकारी अजून फोनवर विचारतात की अरे तिकडे इंग्लंडात सुट्टीच्या दिवशी बिनपगारी रुळावर जाऊन करतोस काय, आणि फोनवर सांगताना निम्मं राहूनच जातं. तर आता वाचा सावकाश.

आमची लाईन म्हणजे वेस्ट मिडलंड्स भागातली ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीची एक जुनी शाखा, साठच्या दशकात बंद पडली आणि नंतर हौशी लोकांनी वर्गण्या काढून परत उभी केली. इथे असल्या बऱ्याच लाईनी आहेत. सुरुवात झाली १९५१ ला वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेपासून, स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली जगातली पहिली रेल्वे ती. लोक येतात वाफेचं इंजिन बघायला, फोटो निघतात ड्रायव्हर-फायरमनचे, ते बरोबरच आहे. पण सिंगल लाईनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत याची व्यवस्था सिग्नल केबिनमधल्या एका लाल पेटीत आणि रुळाच्या कडेने जाणाऱ्या तांब्याच्या तारेत असते, आणि ती पेटी, ती तार, आणि केबिन-केबिनमधले फोन हे सगळं आमच्याकडे.

यंदाचं मुख्य काम: मधलं स्टेशन ते नॉर्थ केबिन, साधारण सहा किलोमीटर. दिवाळीपासून तिथे पाऊस पडला की फोनवर खरखर सुरू होते, आणि नॉर्थच्या टोकन इन्स्ट्रुमेंटची (तीच लाल पेटी; तिच्यातून निघणारं टोकन हातात असेल तरच ड्रायव्हरने सेक्शनमध्ये, म्हणजे दोन केबिनमधल्या लाईनवर, गाडी न्यायची) सुई जेवढी हलायला पाहिजे तेवढी हलत नाही. टोकन निघतं, पण सिग्नलमनला दोन-दोनदा प्रयत्न करावा लागतो. धोका नाही यात, करंट कमी पडला तर टोकन निघत नाही, गाडी थांबून राहते, एवढंच. पण गाडी थांबून राहिली की मग फोनवर काम चालवायची वेळ येते आणि फोन पण त्याच केबलमधून जातो. म्हणून हे आधी.

११ जानेवारी, शनिवार

कडाक्याची थंडी, रुळाकडेची खडी एकमेकांना चिकटलेली. सकाळी दोन्ही टोकांना सगळी इन्स्ट्रुमेंटं केबलपासून सोडवली, कारण मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) ५०० व्होल्ट टाकतो आणि शंभर वर्षांच्या कॉइलवर ते चुकूनही जायला नको. सोडवण्याआधी रीतसर डिस्कनेक्शन फॉर्म, दोन्ही केबिनच्या रजिस्टरमध्ये सही, वेळ. वडिलांच्या वेळी डिस्कनेक्शन मेमो असायचा, मास्तरची सही घेतल्याशिवाय पाना उचलायचा नाही. इथे तसंच.

दहा जोड्यांची केबल आहे. आठ जोड्या ठणठणीत, दोन जोड्यांचं इन्सुलेशन घसरलेलं, एक तार तर फारच. पण जमीन गोठलेली असल्यामुळे रीडिंग आहे त्यापेक्षा चांगलं दिसतंय असं टेलिफोन आजोबा म्हणाले (ते जुने पोस्ट ऑफिस टेलिफोनचे इंजिनिअर, वय ऐंशीच्या पुढे, त्यांच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे). बर्फ वितळू द्या, जमीन भिजू द्या, मग फॉल्ट स्वतःहून बोलेल, इति आजोबा.

दुपारी वेळ होता म्हणून लूप रेझिस्टन्स घेऊन टाकला. ०.९ मिलिमीटरची तांब्याची तार, एका किलोमीटरला साधारण २७ ओहम, जाऊन-येऊन बारा किलोमीटर म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास यायला पाहिजे, आणि आलं तेवढंच. म्हणजे तार कुठे तुटलेली नाही, नुसती भिजलीये.

१८ जानेवारी, शनिवार

संक्रांत मंगळवारी झाली, डबाभर तिळगूळ हटमध्ये (आमच्या गँगची कामाची खोली) नेला. सगळ्यांना आवडला, एकदोघांना चावायला जड गेला.

आठवडाभर सगळं वितळून चिखल झालेला, आणि मेगरची सुई जवळपास खालीच. आता जागा शोधायची. सहा किलोमीटर केबल खणत बसायचं नसतं, त्यासाठी मरे लूप टेस्ट. पद्धत जुनी आहे पण अजून तितकीच भरवशाची: लांबच्या टोकाला खराब तार आणि एक चांगली तार एकमेकींना जोडायच्या, आपल्या टोकाला ब्रिजचा (मोजायचं यंत्र, पूल नव्हे) सरकता काटा फिरवत फिरवत गॅल्व्हानोमीटरची सुई शून्यावर आणायची, काट्याचं प्रमाण गुणिले एकूण लूपची लांबी, म्हणजे फॉल्टपर्यंतचं अंतर. आमच्याकडे नोव्हेंबरपासून एक मुलगी येते, इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ब्रिज तिच्याच हातात दिला. प्रमाण आलं ०.१७५. बारा किलोमीटर गुणिले ०.१७५, दोन किलोमीटर शंभर मीटर. नकाशावर बघितलं तर बरोबर दगडी पुलाच्या खाली, जिथे ऐंशीच्या दशकातला एक जॉइंट दाखवलेला.

चालत गेलो, फावडी घेऊन. झाकण काढलं तर आतमध्ये ओंजळभर गढूळ पाणी. झाकणाच्या एका क्लिपला चीर गेलेली, पुलावरून टपकणारं पाणी नेमकं तिथेच पडतं. जॉइंटवरची टेप सोलली तशी आतली जोडणी दिसली, तांब्यावर हिरवट-निळी पावडर धरलेली, देवघरातल्या तांब्याच्या पळीवर धरते तशी. एका तारेचं प्लॅस्टिक हाताला लागताच गळून आलं. मुलगी म्हणाली की वर्गात मेगोहम हा नुसता आकडा असतो, इथे तो बोटाला ओला लागतो.

चर्चा झाली: जॉइंट नवा करायचा की इथला सगळा तुकडाच बदलायचा. पुलाच्या दोन्ही बाजूंना केबलचं बाहेरचं आवरण उंदरांनी की सशांनी कुरतडलेलं पण दिसलं. मग ठरलं की साडेतीनशे मीटरचा तुकडा नवीन टाकायचा, जेली भरलेली केबल, म्हणजे आवरणाला चीर गेली तरी पाणी आत पसरत नाही. स्टोअरमध्ये दान आलेला ड्रम आहे.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी लेकीबरोबर झेंडावंदनाचं प्रक्षेपण बघितलं आणि मग लाईनवर. ड्रम पुलापाशी नेणं एवढंच आजचं काम होतं, पण आजची तारीख आमच्या हटमध्ये वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतात म्हणून ते लिहितो.

२६ जानेवारी १९२१, वेल्समधलं ऍबरम्यूल. केंब्रियन रेल्वेची सिंगल लाईन, आणि सिंगल लाईनसाठी टायर कंपनीची टॅब्लेट इन्स्ट्रुमेंटं (टॅब्लेट म्हणजे टोकनसारखीच, फक्त चकती) बसवलेली, म्हणजे यंत्र चांगलं, एका सेक्शनसाठी एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर पडणार. पण इन्स्ट्रुमेंटं होती स्टेशनच्या इमारतीत, सिग्नलमनच्या ताब्यात नाहीत, आणि जो मोकळा असेल तो ती वापरायचा. त्या दिवशी आलेल्या गाडीची टॅब्लेट एकाने घेतली, दुसऱ्याच्या हातात दिली, त्याला वाटलं ही पुढच्या सेक्शनची नवीन टॅब्लेट, आणि तीच टॅब्लेट परत त्याच ड्रायव्हरला दिली. त्यावर कुठल्या सेक्शनचं नाव आहे ते कोणीच वाचलं नाही, ड्रायव्हरने पण नाही. गाडी निघाली, समोरून एक्स्प्रेस येत होती. १७ माणसं गेली, त्यात त्या कंपनीचा एक डायरेक्टर पण होता.

यंत्राने त्या दिवशी आपलं काम चोख केलं होतं. चुकली ती हाताहातातली देवाणघेवाण. म्हणून आमच्याकडे टोकन घेताना ड्रायव्हरने त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, सिग्नलमनने ऐकायचं. नवीन आलेल्या पोरांना हे थोडं नाटकी वाटतं. मग आम्ही त्यांना ऍबरम्यूल सांगतो आणि त्यानंतर कोणी हळू आवाजात वाचत नाही.

वडील सांगायचे, तिकडे नील्सचं बॉल टोकन, लोखंडी गोळा, चामड्याच्या पाकिटात घालून रिंगला अडकवून धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचा. फोनवर आज त्यांना ऍबरम्यूल सांगितलं, ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, गोळ्यावरचं नाव आम्ही पण वाचायचो.

१ फेब्रुवारी, शनिवार

केबल टाकली. माणसं जमली चांगली, परमनंट वे वाले पण मदतीला आले (रुळाची गँग ती, एरवी आमच्या खोदकामावर त्यांचं बारीक लक्ष असतं कारण खडी आम्ही उचलतो आणि नीट भरून ठेवतो की नाही ते त्यांना बघायचं असतं). ड्रम जॅकवर चढवला, दर आठ-दहा मीटरवर एक माणूस, आणि केबल ओढायची नाही, पुढे द्यायची, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. ओढली की आतली तार ताणली जाते आणि ते तेव्हा कळत नाही, पाच वर्षांनी कळतं. कोणीतरी पुढून ओरडायचं, सगळ्यांनी एक पाऊल. दुपारपर्यंत सगळी रुळाकडेच्या केबलच्या पन्हाळीत बसली. झाकणं लावायची राहिली.

जुनी केबल अजून चालू आहे, नवीन बाजूला पडून आहे, दोन्ही टोकं टेप लावून बंद. जोडणी मार्चमध्ये, टेस्टिंगवाला असेल तेव्हाच.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर पाऊस. हटमध्ये बसून लेबलं छापली. नॉर्थ केबिनच्या टर्मिनल रॅकवर काही तारांवर तीन पिढ्यांची लेबलं आहेत, एक कापडी, एक पितळी बिल्ला, एक छापील, आणि तिन्हींवर वेगळं लिहिलंय. सगळ्या तारा एकेक करून ओळखून घेतल्या, डायग्रामशी ताडून बघितल्या. डायग्राममध्ये नसलेली एक जोडी निघाली, ती कुठे जाते ते पुढच्या वेळी. झाकणं लावायची राहिलीच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज नॉर्थचं टोकन इन्स्ट्रुमेंट बेंचवर. हे जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते आख्ख्या रेल्वेत याच्यापेक्षा सुंदर वस्तू नाही.

सेक्शनच्या दोन टोकांना दोन पेट्या, प्रत्येकीत चाव्यांसारखी टोकनं. मधल्या स्टेशनच्या सिग्नलमनला गाडी नॉर्थकडे पाठवायचीये, तो घंटेचा एक ठोका देतो, लक्ष द्या. नॉर्थ उत्तर देतो. मग तीन-थांबून-एक, साधी पॅसेंजर गाडी पाठवू का. नॉर्थला चालणार असेल तर तो तेच ठोके परत देतो आणि शेवटच्या ठोक्याला प्लंजर (पेटीवरची दाबायची खुंटी) दाबून धरतो. तो दाबून धरतो तेवढा वेळच करंट येतो, सुई हलते, इकडचा सिग्नलमन टोकन फिरवून बाहेर काढतो. टोकन बाहेर आलं की आतला कम्युटेटर उलटतो, दोन पेट्यांची पोलॅरिटी जुळेनाशी होते, आणि आता दोन्हीकडून कितीही ठोके मारा, कितीही प्लंजर दाबा, दुसरं टोकन निघत नाही. ते बाहेर पडलेलं टोकन दोनपैकी कुठल्याही पेटीत परत गेल्याशिवाय नाही. एकट्या माणसाला टोकन काढता येत नाही आणि दोघांनी मिळून ठरवलं तरी दोन टोकनं काढता येत नाहीत. कॉम्प्युटर नाही, ट्रान्झिस्टर नाही, पितळ, लोखंड, कॉइल आणि थोडी बॅटरी.

कम्युटेटरचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले. पॉलिश पेपर लावायचा नाही, बर्निशरने हलक्या हाताने, मग कोरडं चामडं. लॉकिंगच्या दातऱ्याची झीज गेजने तपासली, मर्यादेत आहे. घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, कारण जास्त तेल म्हणजे धूळ आणि धूळ म्हणजे थंडीत चिकटणारा पॉल (दातऱ्यात अडकणारी खिटी). कॉइलचा रेझिस्टन्स मागच्या वेळच्या नोंदीशी जुळला. परत सील लावलं, सील नंबर रजिस्टरमध्ये.

पेटीखालच्या कपाटात अजून काचेची एक जुनी बरणी ठेवलीये, लेक्लांशे सेलची. पूर्वी लाईनची बॅटरी यांचीच असायची, जस्ताची कांडी, कार्बन, आणि नवसागराचं पाणी, आपल्याकडे कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. पाणी आटलं की मेंटेनर येऊन भरायचा. आता सीलबंद बॅटरी असते. बरणी कोणी फेकू नये म्हणून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टेलिफोनचा दिवस.

आमच्याकडे दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एक ऑम्निबस सर्किट, म्हणजे सगळ्या केबिन आणि स्टेशनं एकाच जोडीवर. मॅग्नेटोचा (हाताने वीज तयार करणारं छोटं यंत्र) दांडा फिरवला की सगळीकडे एकदम घंटा वाजते, आणि कोणासाठी आहे ते ठोक्यांवरून ओळखायचं, नॉर्थला तीन लांब, मधल्या स्टेशनला एक लांब दोन आखूड वगैरे. सगळ्या घंटा समांतर जोडलेल्या, म्हणून प्रत्येक घंटेची कॉइल हजार ओहमची, नाहीतर पहिलीच सगळा करंट खाऊन टाकेल. या फोनला बाहेरून वीज लागत नाही, बोलण्यासाठी आतले दोन सेल, वाजवण्यासाठी हाताचा जोर. गावातली लाईट गेली तरी केबिन केबिनशी बोलू शकते. म्हणूनच हे अजून ठेवलंय, शोभेसाठी नाही.

साउथ केबिनच्या फोनवर आवाज दबका येतो अशी तक्रार होती. कार्बन मायक्रोफोनमधली भुकटी गच्च बसली होती. हँडसेट तळहातावर हलके आपटला की सुटते, जुन्या लोकांना ही युक्ती माहितीच असते, पण दर आठवड्याला आपटायला लागत असेल तर इन्सर्ट बदलायचा. बदलला.

दुसरी व्यवस्था म्हणजे आमचं स्वतःचं छोटं स्ट्रोजर एक्सचेंज (जुनं ऑटोमॅटिक टेलिफोन एक्सचेंज), ऑफिस, वर्कशॉप, तिकीटघर, कॅन्टीन यांच्यासाठी. हे टेलिफोन आजोबांचं राज्य. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतला अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा माणूस, टेलिफोनशी त्याचा धंद्यापुरता संबंध, आणि १८९१ ला ऑटोमॅटिक एक्सचेंजचं पेटंट त्याच्या नावावर. ब्रिटनमधलं असलं शेवटचं सार्वजनिक एक्सचेंज १९९५ ला बंद झालं. आमचं चालू आहे.

झाकण काढून नंबर फिरवला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. चार फिरवला की सिलेक्टर खट-खट-खट-खट चार पायऱ्या वर चढतो, मग सात फिरवला की आडवा सात घरं फिरतो, आणि तिथे थांबतो, तोच ४७ नंबरचा फोन. तुमच्या बोटाची हालचाल तिकडे धातूत जशीच्या तशी होते. सेकंदाला दहा ठोके, डायल त्याच वेगाने परत यायला पाहिजे, हळू आली की सिलेक्टर मधेच थांबतो. आज तीन डायली वेगाला लावल्या.

आजोबांनी दिवसभर मुलीला शेजारी बसवून घेतलं. रिलेच्या पट्टीचा ताण ग्रॅमच्या गेजने कसा मोजायचा, पट्टी वाकवायची असते कुठून (मुळापासून, टोकाला कधीच नाही), कॉन्टॅक्ट उघडताना आधी कुठला उघडला पाहिजे. ते कमी बोलतात, करून दाखवतात, मग तिच्या हातात देतात आणि बघत बसतात. संध्याकाळी ते म्हणाले की मी पंधरा वर्षांचा असताना मला असंच शिकवलं होतं, ज्याने शिकवलं त्याचं नाव अजून रॅकच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं आहे. हे रॅक त्यांनीच बंद पडलेल्या एक्सचेंजमधून वाचवून आणलंय हे मला आज कळलं.

इथली सार्वजनिक टेलिफोनची तांब्याची जुनी व्यवस्था जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे, सगळं इंटरनेटवर. म्हणजे पट्टीला हात लावून ताण ओळखणारी माणसं नवीन तयार व्हायची तर ती आता असल्या हटमध्येच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुरुस्तीची पुस्तकं आहेत आमच्याकडे, कपाटभर, पण पट्टी किती वाकवली की पुरे हे पुस्तकात ग्रॅममध्ये असतं आणि हातात वेगळं असतं. म्हणून पुढच्या महिन्यापासून आजोबांचं काम चालू असताना व्हिडिओ घ्यायचं ठरवलंय, त्यांची परवानगी मिळाली.

१ मार्च, शनिवार

जोडणीचा दिवस. आज घाई नाही हे आधीच ठरलेलं.

सकाळी आमच्या गँगच्या प्रमुखांनी नेहमीप्रमाणे क्लॅपहॅमची आठवण काढली. १२ डिसेंबर १९८८, लंडनचं क्लॅपहॅम जंक्शन. सिग्नलच्या वायरिंगचं नूतनीकरण चालू होतं. टेक्निशियनने जुनी तार एका टोकाला सोडली, पण कापली नाही, तिचं उघडं टोक नुसतं बाजूला सारलं, आणि दुसरं टोक फ्यूजला तसंच जोडलेलं. पुढे शेजारी दुसरं काम करताना ती तार हलली, परत जुन्या जागी टेकली, आणि समोर गाडी उभी असताना मागच्या गाडीला सिग्नल मिळत राहिला. ३५ माणसं गेली. चौकशीत निघालं की त्या टेक्निशियनला मागच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि दुसऱ्या कोणी येऊन तारा मोजल्याच नव्हत्या. त्यानंतर इथले नियम बदलले: सोडलेली तार दोन्ही टोकांना सोडायची, कापायची, झाकायची, आणि काम करणारा सोडून वेगळ्या माणसाने प्रत्येक टर्मिनलवरच्या तारा मोजायच्या.

आम्ही पगारी नाही, गाड्या ताशी चाळीस किलोमीटरने चालवतो, पण गाडीत बसलेल्या आजीला आणि नातवाला त्याने काय फरक पडतो. नियम तोच. आणि थकलेल्या माणसाने हातातलं काम ठेवून घरी जायचं, हा पण आमचा नियम आहे, त्यासाठी कोणाला काही विचारायला लागत नाही.

पुलापाशी तंबू लावला. एकेक जोडी ओळखायची, दोघांनी रंग मोठ्याने म्हणायचे, क्रिम्प करायचा, ओढून बघायचा, पुढची. नवीन जॉइंटचा डबा आता पुलाच्या टपकणाऱ्या पाण्यापासून चार मीटर लांब आणि जमिनीपासून वर, खांबाला. संध्याकाळी मेगर: दहाच्या दहा जोड्या, सुई पार वरच्या टोकाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

नॉर्थच्या रॅकवरची ती अनोळखी जोडी पण सापडली. काढून टाकलेल्या गुड्स यार्डाकडे जायची, तिकडे आता ब्रॅम्बलची झुडपं आहेत. दोन्ही टोकांनी काढली, डायग्राममध्ये तशी नोंद.

८ मार्च, शनिवार

टेस्टिंग. बाहेरून टेस्टर आले, दुसऱ्या एका हेरिटेज लाईनचे, त्यांच्याकडे आम्ही जातो आमच्याकडे ते येतात असा रिवाज आहे, जेणेकरून आपलंच काम आपणच पास करायला नको. त्यांनी तारा मोजल्या, आमच्या मोजणीशी जुळल्या. मग टोकन: एक काढलं, आता दुसरं काढायचा प्रयत्न मधल्या स्टेशनवरून, नॉर्थवरून, दोघांनी एकदम. निघालं नाही, निघायला नकोच. शेजारच्या सेक्शनचं टोकन या पेटीत घालून बघितलं, खाचा वेगळ्या असल्यामुळे जात नाही. करंट उलटा देऊन बघितला. नॉर्थची सुई आता ठणकावून हलते, प्लंजर दाबल्याक्षणी.

दुपारी सांध्यांची (गाडीचा रूळ बदलणाऱ्या सरकत्या पट्ट्या) टेस्ट. सांधा आणि मुख्य रुळामध्ये ३.५ मिलिमीटरची पट्टी धरायची आणि सिग्नलमनने लॉकचा निळा लिव्हर ओढायचा, लॉक बसता कामा नये. दोन ठिकाणी बरोबर. एका ठिकाणी अगदी काठावर, ऍडजस्ट केला, परत टेस्ट, बरोबर.

१५ मार्च, शनिवार

टोकनांची बरोबरी केली. सीझनभर जास्त गाड्या एका बाजूने टोकन घेऊन गेल्या की एका पेटीत टोकनं साचतात आणि दुसरी रिकामी होत जाते. ती परत वाटायचं काम फक्त अधिकृत मेंटेनरचं, कुलूप उघडून, आणि कायम जोडीनेच, दोन, चार, सहा, कारण विषम संख्येने हलवली की दोन्ही पेट्यांची पोलॅरिटी बिघडते. चार हलवली. दोन्ही सिग्नलमनच्या आणि माझी सही.

नंतर टेस्ट गाडी, इंजिन आणि दोन डबे. मी नॉर्थ केबिनमध्ये होतो. एक ठोका, उत्तर. तीन-एक, उत्तर आणि प्लंजर. मग दोन ठोके, गाडी सेक्शनमध्ये शिरली. मग बराच वेळ काही नाही, नुसतं केबिनचं घड्याळ आणि चहा. सिग्नलमनने होम सिग्नलचा (स्टेशनात येण्याचा) लाल लिव्हर ओढला, खिडकीतून बघितलं, सिग्नल पडला. गाडी आली, ड्रायव्हरने टोकनची रिंग दिली, सिग्नलमनने शेवटचा लाल दिवा बघून गाडी पूर्ण आल्याची खात्री केली, टोकन पेटीत घातलं, दोन-एक, सेक्शन मोकळा.

२९ मार्च, शनिवार

गाड्या सुरू झाल्या. सकाळपासून पाऊस आहे आणि फोनवर खरखर नाही. मुद्दाम दर तासाला नॉर्थला फोन करत होतो, शेवटी तिथली सिग्नलवाली बाई म्हणाली आता पुरे, मला गाड्या घ्यायच्यात.

राहिलेली कामं: पुलापाशी पन्हाळीची पंधरा-वीस झाकणं फुटकी आहेत, नवीन मागवली. नॉर्थच्या डिस्टंट सिग्नलची (लांबून आधी सूचना देणारा) वायर उन्हाळ्यात लांबते आणि हात पूर्ण पडत नाही, तिच्या दोन चाकांना ग्रीस आणि ऍडजस्टर, हे मे महिन्याच्या आत. आजोबांचे व्हिडिओ पहिले दोन झालेत, रिले आणि डायल, सिलेक्टर राहिलाय. उरलेली केबल स्टोअरमध्ये डावीकडच्या रॅकवर, दोन्ही टोकं बंद करून ठेवलीये, ड्रमवर लांबी लिहिलीये, वापरली तर खोडून नवीन लिहा.